डिझेलचा पाईप

मी उगाच चिडतो म्हणता ना, मग हे ऐका आणि सांगा. सत्त्याऐंशी सालची गोष्ट. माझ्या जुन्या डिझेल गाडीच्या इंजिनाचा पाईप गळायला लागला. दुसऱ्या दिवशी नातीला घेऊन नाशिकला जायचं होतं, म्हणून घाटकोपरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो आणि जुन्या गाडीसाठी डिझेलचा पाईप मागितला. मालकाने पाण्याचा साधा रबरी पाईप कापून पुढे केला.

मी म्हटलं, "अहो, हा डिझेलमध्ये फुगतो. मऊ पडून फाटेल."

"काका, इतकी वर्षं हाच विकतोय. एक माणूस परत आला नाही."

रबराचं रसायनशास्त्र मी आयुष्यभर शिकवलं, तरी त्याची खात्री बघून वाटलं, आपलंच चुकत असेल. पाईप पिशवीत टाकला. पायरीवरून मात्र मागे वळलो. "तुमच्या गाडीला हाच लावलाय?"

"छे हो. माझ्या गाडीत बायको-मुलं बसतात."

"आणि माझ्या गाडीत उद्या नात बसणार आहे."

तो उलट माझ्यावरच वैतागला. आतून डिझेलचा जाड पाईप काढत म्हणाला, "मग आधी सांगायचं ना, काका. जुनी गाडी म्हणालात, मला वाटलं विकायला काढलीय."