ब्रेकचा तांबडा दिवा आणि न झालेली चोरी

नाव: बाजारात सगळे 'घड्याळकाका' म्हणतात. वय ६८. धंदा: घड्याळदुरुस्ती. राहणार: टेकडीवरचे शेवटचे घर, त्याच घराच्या तळमजल्यावर दुकान.

मी समक्ष हजर राहून सांगतो की, आज सकाळी गॅरेजवाल्या फिटरविरुद्ध मी या पोलीस चौकीत चोरीची तक्रार दिली. तो बाहेर बाकावर बसून आहे. चूक माझी आहे, त्याला आधी सोडावे.

माझ्याकडे वडिलांच्या वेळची जुनी गाडी आहे, ती दुकानासमोर उभी असते. गेल्या आठवड्यात तिचा ब्रेकचा तांबडा दिवा लागला. हँडब्रेक पूर्ण सोडला तरी विझेना. डबीत ब्रेक ऑइल कमी दिसले, मी भरले, दिवा गेला. चार दिवसांत असे तीनदा केले. जन्मभर लोकांची घड्याळे दुरुस्त केली, मला कोण शिकवणार, हा तोरा.

काल संध्याकाळी पाच वाजता फिटर स्वतःचे घड्याळ न्यायला आला. ऑइलची बाटली पाहून म्हणाला, "काका, नुसतं भरताय काय? जातंय कुठं ते बघा! गाडी काढू नका." मी म्हणालो, "तू तुझं बघ." आणि घड्याळ आणायला आत गेलो. तेवढ्यात त्याने काय केले ते मला दिसले नाही.

आज आठ वाजून बारा मिनिटांनी लेक आणि पाच वर्षांची नात गाडीत बसल्या. उताराने खाली जायचे होते. गाडी सुरूच होईना. बॉनेट उघडले तर प्लगना ठिणगी वाटणारा छोटा रोटर गायब. त्याच्याशिवाय इंजिन सुरू होत नाही. काल गाडीजवळ फिटरच होता, म्हणून मी रागाने तडक येथे आलो. हवालदारांनी त्याला बोलावले, तर रोटर त्याच्या खिशात निघाला. तो एवढेच म्हणाला, "मीच काढला. काका ऐकणारे नाहीत. आधी मागचं चाक खोला, मग मला काय करायचं ते करा."

अकरा वाजता माझ्या घरापुढे हवालदारांसमक्ष मागचे डावे चाक खोलले. ब्रेकचे लायनर ऑइलने चिंब होते, म्हणजे भरलेले सगळे इथेच गळत होते. हवालदारांनी पेडल दाबले, ते तळाला टेकले, ब्रेक लागलाच नाही. लेकीने गाडीची किल्ली काढून घेतली. नात टायरवर बसून पाय हलवत होती.

मी फिटरचे दोन्ही हात धरले. तो म्हणाला, "सोडा काका, ग्रीस लागेल." मी सोडले नाहीत. देवासारखा धावला हो हा माणूस, आणि मी त्याला चोर म्हणालो.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. 'चोरीस काय गेले' या रकान्यात 'काही नाही, सगळे घरी आहेत' असे लिहावे.

वरील मजकूर हवालदारांनी वाचला, मी ऐकला, सांगितला तसाच आहे. चिमट्याने काटे बसवणाऱ्या माझ्या बोटांना अजून त्याच्या हातांचे ग्रीस आहे, म्हणून सही डागाळली. ती माझीच आहे.