हैबतरावाला पाण्यात सोडल्याबाबत

पेण, दिनांक ११ जानेवारी २०२६, सायंकाळी ५ वाजून ४० मिनिटे

मी जगन रामा मोकल, वय ५३ वर्षे, धंदा गणपतीच्या कारखान्यात मूर्तींच्या डोळ्यांची आखणी, राहणार जोहे, तालुका पेण, जिल्हा रायगड. समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की,

वरील पत्त्यावर मी माझी पत्नी मालू हिच्यासह राहतो. आम्हाला मूलबाळ नाही. मालूचा धाकटा भाऊ नितेश हा रोह्याला राहतो व तिथल्या एका कंपनीत शिफ्टमध्ये काम करतो. मला व नितेशला गरी टाकून मासे धरण्याचा नाद आहे. रविवारी सुट्टी मिळाली की नितेश येतो, आम्ही खाडीवर जातो व दुपारी तो आमच्याकडे जेवतो. मालूचे आईवडील हयात नाहीत. माहेरचे म्हणून तिच्या दारात येणारे माणूस तेवढे एकच आहे.

यंदा गरीच्या दोन स्पर्धामालिका आहेत. एक खाडीची. तिच्यात धरलेला मासा बर्फात घालून काट्यावर आणायचा, वजन जास्त तो पहिला. दुसरी रोह्याला कुंडलिका नदीवरची. तिच्यात मासा पट्टीवर मोजायचा, फोटो काढायचा आणि जिवंत परत सोडायचा. दोन्हींत जोडी लागते. तारखा एकाच असल्यामुळे एकीत नाव घातले की दुसरी बंद. नावे द्यायची मुदत आज संध्याकाळी सहापर्यंत होती. नितेशचे म्हणणे पहिल्यापासून खाडीचे. मी तीन आठवडे हो-नाही करत होतो, हे कबूल करतो. गेल्या रविवारी जेवून उठताना तो म्हणाला, "भावोजी, पुढच्या रविवारपर्यंत ठरवा. नायतर मी कंपनीतला जोडीदार बघतो." मालूने त्याचा कालवणाचा डबा नेहमीप्रमाणे भरून दिला, पण त्या दिवशी ती त्याला सोडायला रस्त्यापर्यंत गेली.

आता हैबतराव कोण, हे सांगतो, कारण सगळा घोळ तिथेच झाला आहे. हैबतराव हे माझ्या सासऱ्यांचे नाव. लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचे अन्नपाणी घ्यायचे नाही, अशी त्यांची जुनी रीत होती. ते वर्षातून दोन-तीनदा यायचे, ओट्यावर बसायचे, घरभर नजर फिरवायचे आणि उठायचे. भाकरी घरून बांधून आणायचे व पेणच्या एसटी स्टँडवर बसून खायचे. बावीस वर्षे हे चालले. मालू दर वेळी त्यांच्यासाठी रांधायची. २०१४ साली ते आजारपणात वारले. मृत्यूचा दाखला नितेशकडे आहे.

पुढच्या वर्षी वडखळच्या बाजूला खारबंदिस्तीच्या एका उघाडीपाशी, म्हणजे बांधाच्या पाणी सोडायच्या दारापाशी, आम्हाला एक मोठा जिताडा, आमच्या खाडीतला सर्वांत मोलाचा मासा, दिसला. तो यायचा, गरीवरची कोलंबी बघायचा आणि तोंड न लावता जायचा. मालू त्या दिवशी आमचे जेवण घेऊन बांधावर आली होती. ती म्हणाली, "हा तर आमचा बाबा." तेव्हापासून त्या माशाचे नाव हैबतराव पडले. आम्ही तिघे सोडून हे कोणाला माहीत नव्हते. तेव्हापासून दर शनिवारी मालू जिवंत कोलंब्या आणून टोपात ठेवते व त्यातली सर्वांत मोठी निवडून वेगळ्या डब्यात देते. अकरा वर्षांत हैबतरावाने ती एकदाही घेतली नाही. खाडीच्या मालिकेत त्यालाच काट्यावर न्यायचा, असा नितेशचा बेत होता.

आज नितेशची पहिली शिफ्ट असल्याने मी एकटाच गेलो. सकाळी साडेआठच्या सुमारास त्या डब्यातली कोलंबी लावली. ती हैबतरावाने घेतली. मी वीस-पंचवीस मिनिटे त्याला खेळवून काठाला आणला. काठीवरच्या खुणांप्रमाणे तो तीन फूट दोन इंच भरला. वजन केले नाही. फोन पिशवीत वर बांधावर होता, त्यामुळे फोटो नाही. गरी ओठात होती, ती काढली. मग मी त्याचा डोळा पाहिला. नजर ओळखीची होती; माझा धंदाच डोळ्यांचा असल्याने तेवढे मला कळते. मग त्याला दोन्ही हातांनी पाण्यात धरून ठेवले व दम आल्यावर सोडून दिला.

सोडण्याचे कारण विचारले असता सांगतो की, त्याने आमच्या घरचे खाल्ले होते. आपल्या घरचे खाल्लेल्याला कापायचे मला झेपले नाही.

त्यानंतर मी वडखळहून पेणच्या एसटीत बसलो. नितेशच्या कंपनीत फोन आत नेता येत नाही, तो चहाच्या सुट्टीत गेटवर येऊन फोन करतो. तसा त्याचा फोन आला. एसटीच्या आवाजामुळे मी मोठ्याने बोललो. मी म्हणालो ते असे: "तुझ्या बापाला धरला आज. व्हय, हैबतरावालाच. तोंडातून रक्त येत व्हतं जरासं. जिवंत व्हता. दिला सोडून पाण्यात. गेला." नितेश लगेच फोन ठेवून आत गेला. मला वाटले, जोडी तुटली. मी तसाच बसून राहिलो.

मागच्या सीटवर श्रीमती लतिका टिपणीस या निवृत्त शिक्षिका बसल्या होत्या. त्यांनी स्टँडवर उतरताच पोलिसांना बोलावले. मला ठाण्यात आणल्यावर हवालदार प्रवीण ठाकूर यांनी हैबतराव तुझा कोण, असे विचारले. मी खरे ते सांगितले, की सासरा. ते कुठे आहेत म्हटल्यावर, वारले, असे सांगितले. त्यामुळे प्रकरण आणखी वाढले. तो मासा होता, असे मी नंतर चार वेळा सांगितले. हवालदारसाहेब स्वतः खाडीकाठच्या गावचे आहेत. ते म्हणाले, "पेण तालुक्यात जिताडा धरून सोडलेला माणूस मी अजून बघितला नाय. माणूस सोडला म्हणालास तर एकवेळ पटेल." त्यांचे म्हणणे मला मान्य आहे. मीही आजपर्यंत बघितलेला नव्हता.

घरी फोन एकच आहे व तो माझ्याकडे होता. म्हणून साहेबांनी जोह्याच्या पोलीस पाटलांकडून मालूला निरोप धाडला. नितेशची वाट बघत मी सकाळी अकरापासून इथे बसलो. या वेळात साहेबांनी मला दोनदा चहा व एकदा वडापाव दिला. कोणीही अंगाला हात लावला नाही.

श्रीमती टिपणीस यांच्याविरुद्ध माझी काहीही तक्रार नाही. उलट त्यांचे उपकार लिहून घ्यावेत, अशी माझी विनंती आहे. आज त्यांच्या भाचीचा साखरपुडा होता. तो सोडून त्या दिवसभर समोरच्या बाकावर बसून राहिल्या आणि साहेबांना दर तासाला विचारत होत्या, "त्या आजोबांचा काही पत्ता लागला का?" माझ्या सासऱ्यांना जाऊन बारा वर्षे होत आली. इतक्या काळजीने त्यांची चौकशी परक्या माणसाने केलेली मी पहिल्यांदा ऐकली. मला बरे वाटले.

शिफ्ट सुटल्यावर नितेशला साहेबांचा फोन लागला व साडेचार वाजता तो घरून दाखला घेऊन मोटारसायकलने आला. त्याने दाखला दाखवला, माशाचे नाव सांगितले, आणि साहेब व बाई दोघेही हसले. नितेश हसला नाही. तो मला म्हणाला, "अकरा वर्षं, भावोजी." मी म्हणालो, तुला खाडीची मालिका खेळायची तर दुसरा जोडीदार घे, पण रविवारचा येत जा.

पाचच्या सुमारास मालू आली. निरोप उशिरा मिळाल्याने ती वालाच्या शेतातून तशीच आली होती. मी सगळे सांगितले. मासा केवढा होता, का सोडला, पोलीस का, यातले तिने काही विचारले नाही. ती एवढेच म्हणाली, "खाल्लं काय त्यांनी?"

मी म्हणालो, "खाल्लं गो. डोक्यासकट खाल्लं."

ती बाकावर बसली. टिपणीस बाई उठून तिच्याजवळ जाऊन बसल्या. नितेश बाहेर गेला. तो परत आला तेव्हा त्याच्या फोनवर रोह्याच्या मालिकेचा फॉर्म उघडा होता. माझे वय ५३ की ५४, एवढे त्याने मला विचारले. पाच वाजून बत्तीस मिनिटांनी फॉर्म गेला. साहेबांनी ठाण्याचे वायफाय वापरू दिले, त्याबद्दल आभारी आहे. पुढच्या रविवारी जेवायला काय करू, असे मालूने नितेशला विचारले आहे.

हा माझा जबाब हवालदारसाहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मालूच्या बोलण्यात त्यांनी, माशाबद्दल आहे म्हणून, "त्याने" असे लिहिले होते. ते माझ्या सांगण्यावरून खोडून "त्यांनी" केले व खोडलेल्या जागी मी सही केली. बाकी मजकूर मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.