एक सुरकुती नाही

देवरूखच्या गाडीला उशीर होता. रत्नागिरी स्टँडवरच्या रांगेत शालनच्या पुढे दोन मैत्रिणी बऱ्याच वर्षांनी भेटल्या होत्या. शालनचे कान तिकडेच लागले.

"काय गो द्वारके, तोंडावर एक सुरकुती नाय! माझ्याच वयाची ना तू? लावतेस काय?"

"काय लावणार? आजार हाय तो. कातडी आवळत चाललीय."

"आजारानं कोण असं देखणं होतं?"

"भावानं मुंबईला नेऊन रक्त तपासलं. रोगाशी लढायला रक्तात जे तयार होतं, ते माझ्याच अंगावर उठलंय म्हणे."

"आणि घरधनी काय म्हणतात?"

"गणपतीला आले तेव्हा सांगितलं. म्हणाले, इतकी तरणी दिसतेस, कसला आलाय आजार!"

"खोटं नाय बोलले. हा घे, लाडू खा."

"बारीक तुकडा दे. तोंड उघडत नाय पुरतं."

"नव्या नवरीसारखी लाजतेस काय!"

गाडी आली. तिघी आत शिरल्या तेव्हा एकच जागा उरली होती. कंडक्टरने दोघी मैत्रिणींकडे पाहिलं.

"आजी, तुम्ही बसा. ताई राहतील उभ्या, तरण्या आहेत."

"ऐकलंस द्वारके? कंडक्टरलाही फसवलंस!" मैत्रीण हसत हसत खिडकीशी बसली.

द्वारकाही हसली असावी. शालनला मागून दिसलं ते एवढंच, की तिची बोटं दांडीवर मिटत नव्हती. गाडी हलली, तशी तिने दांडीला कोपर अडकवलं.