तक्रार मिटल्याची सही

जुईनगरच्या बसथांब्यावर भाजीवाल्या वेणूबाईंना नव्या मार्केटच्या कामावरचा इंजिनिअर प्रसाद गाठून उभा होता.

"मावशी, बायकांच्या संडासाला आतून कडी बसली ना?"

"बसली. झ्याक लागती."

"मग तक्रार मिटली म्हणून सही करा. सोमवारी मार्केटला कर्ज देणाऱ्या विकास बँकेचे साहेब पाहणीला येतायत. एक जरी तक्रार उघडी दिसली तर कर्जाचा पुढचा हप्ता अडकवतील."

"म्हनून आठवड्यात तीनदा आलास व्हय! तक्रार लिवायच्या आधी वर्षभर कुठं हुतास?"

"मावशी, टेन्शन नका ना देऊ. करा सही."

"करते की. पन आधी दुसरी तक्रार लिवून घे."

"आता आणि कसली?"

"ती सापडंल रं. तू तक्रारीचा नंबर तर टाकून ठेव."