कूलरमंदली बीअर

...अन् मी म्हणतो, काऊन? पूल पडला होता काय? नाई, सांगा ना तुमी मले! पुलगावातून पूल ओलांडला का अमरावती जिल्हा, अन् अमरावती जिल्हा लागला का बार. वेटर टेबल पुसून उभाच राह्यते, "या काका" म्हणते, थंडीगार बाटली आणते, वरून शेंगदाणे फुकट... अन् हे आमचे सदाशिवराव म्हणते, "मले घरची पाहिजे." घरची! लोणचं हाये काय ते?

थांबा, नीट सांगतो, नाई तं तुमी म्हणसान का हा बुढा काहीबी बडबडून राह्यला. सदाशिवराव म्हंजे आमच्या गल्लीतले कूलरवाले. पुलगावात अर्ध्या घरी त्यायचाच कूलर. माणूस सरळ, कोणाच्या अध्यात ना मध्यात. एकच शौक, रविवारी एक बाटली बीअर. आता आपला वर्धा जिल्हा दारूबंदीचा, हे काय तुमाले सांगाले पाहिजे काय! म्हणून बावा दर रविवारी घरी सांगते, "वसुलीले चाल्लो," पूल ओलांडते, बारच्या त्या डुगडुगत्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसते, बाटली संपवते, मूठभर बडीशेप चावते अन् तोंड पुसत वापस येते. तीस वर्षं झाली, असंच चालू हाये. पण मनात एक गोष्ट अटकून होती. एकदा, फक्त एकदा, आपल्या घरी, आपल्या आरामखुर्चीत, आपल्याच कूलरसमोर पाय लांब करून, घाई न करता बीअर प्यायची. चोरासारखी नाई, मालकासारखी! बस, येवढंच मागणं.

आता माणसानं मनातलं मनातच ठेवावं ना! हे बोलले जवायाजवळ.

जवाई म्हंजे धीरज, त्यायच्या पोरीचा, हर्षाचा नवरा, पुण्याचा, कंप्युटरवाला. धोंड्याच्या महिन्यात आलता. सासूनं अनारसे केले, चांदीचा दिवा देला, पुरणपोळ्यावर तुपाची धार धरली, अन् या पठ्ठ्यानं सासऱ्याले काय देलं? एक खोकं! आतमंदी बीअर बनवायचा किट. किट! वरून म्हणते कसा, "मामाजी, तुम्ही अजून ती बाजारातली बीअर पिता? शी! तिला कॅरेक्टरच नसतं." कॅरेक्टर! अरे बाबू, पुलापल्याड बसणाऱ्यायचं कॅरेक्टर पाह्य पहिले, मंग बाटलीचं पाहू!

खोक्यात चार पाकिटं. चारही बीअर अलग अलग. जवाई एकेक पाकीट नवरीच्या दागिन्यावानी उचलून दाखवून राह्यला, "मामाजी, ही व्हीट, म्हणजे गव्हाची. ही स्टाउट, काळी असते, भाजलेल्या धान्याची. हा आयपीए, मुद्दाम कडू असतो. आणि ही बेल्जियन, हिच्यात धने आणि संत्र्याची साल असते." तुमाले सांगतो, माह्या तं डोस्क्यात तिडीक गेली! गव्हाच्या आमी पोळ्या खातो. संत्र्याचं साल आमी उकिरड्यावर फेकतो. धने वरणात टाकतो. अन् मुद्दाम कडू? पैसे देऊन? कडू पाह्यजे तं घरामागं कडुनिंब हाये, चावत बस! अन् ते हॉप्स का काय म्हणते, हिरवे हिरवे तुकडे, हुबेहूब सरकीची ढेप. म्हशीले टाकले असते तं तिनंबी हुंगून तोंड फिरवलं असतं.

सदाशिवराव तसे कायद्याले भेणारे. हळूच विचारलं, "जवाई, पण हे चालते काय आपल्या जिल्ह्यात?" तं हा हुशार म्हणते, "मामाजी, खोक्यात दारू नाहीच! नुसतं साहित्य आहे." घ्या! मंगळवारी साहित्य अन् शनिवारी गुन्हा, येवढा साधा हिशेब माणसाच्या ध्यानात येऊ नये? अन् कोणाच्या घरात करून राह्यले हे? सुमित्राबाईच्या! सदाशिवरावची बायको म्हंजे आमच्या गल्लीच्या दारूबंदी महिला मंडळाची अध्यक्ष. अन् ते अध्यक्षपण फोटोपुरतं नाई हो. गल्लीतले दोन घरं मोहाच्या दारूनं बसले, तवा या बाईनं त्या दारूवाल्यायच्या दारात उभं राहून ते थांबवलं. मंडळाची पाटी यायच्याच घरावर. त्या पाटीखाली बीअर सापडली तं बाईले गल्लीत तोंड दाखवाले जागा उरली असती काय? पण सदाशिवरावले दिसून राह्यली नुसती आरामखुर्ची! बायकोले सांगतलं, "जवायानं माल्ट देला, हाडाले चांगला असते." अन् तिनं मानलं, बिचारीनं.

मी म्हणतो, काऊन येवढं? पूल पडला होता काय?

जवाई पुण्याले निंगून गेला अन् सदाशिवरावनं कारखाना मांडला. तो माल्ट म्हंजे काकवीवानी चिकट पाक, तो उकळला, ढेप टाकली, खमीर टाकलं, झाकणाच्या चार बादल्या भरल्या. अन् किटमंदल्या कागदावर काय लिहून? अठरा डिग्री! अठरा! पुलगावात! मे महिन्यात! इथं नळाले पाणी येते तेच चहाचं आधण, अन् याले पाहिजे अठरा डिग्री! जवायाले फोन केला. जवाई म्हणते, "मामाजी, फ्रिजमध्ये ठेवा ना." तं सदाशिवरावचा धंदा जागा झाला. म्हणते, "जवाईबुवा, जिंदगी गेली माही कूलर विकण्यात. तुमी मले थंड शिकवता काय?" अन् फोन ठेवून देला. मंग काय केलं म्हणता? दुकानातून कूलर आणले अन् एकेका कूलरच्या टाकीत एकेक बादली उभी केली! हॉलमंदी गव्हाची, आतल्या खोलीत काळी, स्वयंपाकघरात कडू, अन् ती बेल्जियन... माय वं माय... ती देवघराच्या खिडकीत!

सुमित्राबाई म्हणते, "अहो, घरात माणसं दोन अन् कूलर चार?"

हे म्हणते, "ऊन पाह्यलं काय बाहेर!"

आता खमिराचं काम तुमाले मालूम हाये. इडलीचं पीठ एका रात्रीत भगोन्याच्या बाहेर येते, अन् इथं तं बादलीभर पाक. फेस आला, त्यानं झाकण उचललं, फेस टाकीच्या पाण्यात उतरला, कूलरच्या मोटरनं ते पाणी उचललं अन् बाजूच्या गवताच्या ताट्यायवर सोडलं. अन् पंखा सुरू! तुमाले सांगतो, हॉलमंदी बीअरची हवा सुटली! अन् हॉलमंदी कोण बसून होतं? मंडळ! अख्खं दारूबंदी महिला मंडळ! गोल करून, नशामुक्तीचा ठराव करून राह्यलं होतं! आतल्या खोलीत सदाशिवराव पडद्याले धरून उभे, तोंड पांढरंफटक.

मंडळाची सचिव पौर्णिमाबाई. नाक म्हंजे नाक नाई, पोलीस ठाणं! तिनं हुंगलं. म्हणते, "सुमित्राबाई, कशाचा वास येऊन राह्यला जी?"

सुमित्राबाईले काय मालूम! तिनं पडद्याकडे पाह्यलं. सदाशिवराव बाहेर येऊन बोलून गेले, "नव्या ताट्या हायेत. बाहेरच्या देशातल्या. त्यायले असाच वास येते."

अन् काय चमत्कार पाहा, बाया खुश! एक म्हणते, "काय गार वाटून राह्यलं वं." दुसरी म्हणते, "मले तं झोपच येऊन राह्यली." दोघीतिघींनी तिथंच सांगतलं, "भाऊजी, आमाले हाच कूलर पाठवजा!" सदाशिवराव आत येऊन मटकन् खाली बसले. माणसानं तिथंच समजायचं ना? देवानं एकदा वाचवलं, बादल्या नेऊन ओत! पण नाई. पूल पडला होता ना याच्यासाठी!

मंग आला बाटल्या भरायचा दिवस. शरबताच्या रिकाम्या बाटल्या धुतल्या, भरल्या. कागदावर लिहून होतं, बाटलीत जराशी साखर टाका, म्हंजे गॅस तयार होते. जराशी! सदाशिवराव म्हणते, "जराशीनं काय होते? पुणेवाल्यायचा हात आखडताच." अन् टाकली ना मूठ मूठ! बूच गच्च ठोकले अन् सगळा माल हॉलमंदल्या दिवाणात भरून ठेवला. चाखून बी पाह्यली नाई. काऊन? तं पहिला घोट आरामखुर्चीतच घ्यायचा. मुहूर्त! बीअरले मुहूर्त!

एका दुपारी सारी गल्ली झोपली असताना... ढप्प!

आता दुसऱ्या गावात आवाज झाला तं लोक म्हणतील, टायर फुटला. पुलगावात आवाज झाला का माणूस पहिले लष्कराच्या दारूगोळ्याच्या डेपोकडे पाह्यते. सारी गल्ली बाहेर! बाया, बुढे, कोणी लुंगी सावरत, कोणाच्या हातात पोळी, सारे डेपोकडे माना करून उभे. तिकडे धूर नाई, काई नाई. तेवढ्यात दुसरा, ढप्प! अन् सगळ्यायच्या माना वळल्या सदाशिवरावच्या घराकडे.

आत सुमित्राबाईनं दिवाणाची फळी उचलली. फेस, काच, वास. बाई पाह्यतच राह्यली. गल्लीतले दारात, पौर्णिमाबाई सगळ्यात पुढं, विचारून राह्यली, "काय फुटलं जी?" अन् जल्मात खोटं न बोललेली बाई बोलली, "कूलरची मोटर फुटली." बोलली अन् दार लावलं. झालं! गल्लीभर बोंब, सदाशिवरावचा कूलर फुटते! जेवढ्या बायायनं कूलर सांगतले होते तेवढ्यायनं नको म्हणून निरोप पाठवला.

अन् दाराच्या आत? बाई ओरडली असती तं बरं झालं असतं. खाली बसून काच वेचत म्हणते, "इतक्या वर्षापासून तुमी रविवारी पलीकडे जाता. मले मालूम नाई काय? तुमच्या सदऱ्याच्या खिशात बडीशेपेची पुडी कोण ठेवते? मीच ना? बाहेर तुमचं, घरात माहं. येवढंच तं होतं आपलं. आता मी कोणत्या तोंडानं दुसऱ्याच्या दारात उभी राहू?" अन् डोळ्याले पदर लावला.

सदाशिवरावले खरंच वाईट वाटलं हो. म्हणते, "अवं, फेकून देतो, नालीत ओततो." बाई म्हणते, "नाली पौर्णिमाच्या दारासमोरून जाते. जिथं असते तिथं नेऊन टाका, नदीपल्याड."

घ्या! आता आठवला पूल!

उरलेल्या बाटल्या ओल्या टॉवेलात गुंडाळल्या, थैलीत भरल्या, अन् टळटळत्या उन्हात बावा निघाला. एकेक पाऊल असं टाकून राह्यला का थैलीत लेकरू झोपलं हाये. पुलाच्या तोंडाशी नाका. नाक्यावरच्या शिपायाची सारी नोकरी तिकडून इकडे येणाऱ्यायच्या थैल्या पाह्यण्यात गेली. पण यायची चाल पाहून त्याले शक आला.

"काका, थैलीत काय हाये?"

सदाशिवरावले खोटं जमतच नाई. बायकोसमोर अन् मंडळासमोर बोलले, त्याचेच तं भोग होते. म्हणते, "बीअर."

"कुठून आणली?"

"घरून."

"अन् चाल्ले कुठं?"

"पलीकडे टाकाले."

शिपायानं टोपी काढली, डोस्कं खाजवलं. "काका, लोक तिकडून इकडे आणते. इकडून तिकडे नेणारे तुमीच पहिले. पाहू द्या." बूच उघडलं तं फेस्स करून अर्धी बाटली त्याच्या वर्दीवर. त्यानं हुंगलं, बाटली लांब धरली. म्हणते, "हे बीअर नाई काका. आंबलेली आंबील हाये."

अन् माणसाचं कसं असते पाहा! सुटले होते ना? गप निंगून जायचं! पण नाई, सदाशिवरावले राग आला. "गव्हाची हाये ते! तिचा वास असाच असते! काळी पाहा!" शिपायानं काळी हुंगली. "चहापत्ती जाळली काय जी?" "मंग ही पाहा, आयपीए!" "हे तापाचं औषध." "अन् ही? बेल्जियन हाये ही!" "यानं भांडे घासते ना काका?"

सदाशिवराव लालेलाल! जल्मात कोणाले अरे म्हटलं नाई तो माणूस भर रस्त्यात ओरडून राह्यला, "बीअरच हाये! मी सोता बनवली! पंचनामा करा! पकडा मले!" येणारे जाणारे गाड्या थांबवून उभे. वर्धा जिल्ह्यात लोक पोलिसाच्या पाया पडते सोडा म्हणून, अन् हा बावा पकडा म्हणून अडून बसला!

शिपाई म्हणते, "पंचनाम्यात काय लिहू? खराब सरबत सापडलं? साहेब मलेच हासतील. तुमीच घ्या पाहू एक घोट."

अन् तिथं, नाक्यावर, उभ्यानं, उन्हात, सदाशिवरावनं पहिला घोट घेतला. गिळता येईना, थुकता येईना, डोळ्यातून पाणी.

शिपायाले दया आली. खांद्यावर हात ठेवून म्हणते, "जा काका, घरी घेऊन जा. याच्यावर दारूबंदी लागतच नाई. घरी बसून बिनधास्त प्या, कोणी काई म्हणत नाई."

आयकलं काय तुमी? ज्या एका वाक्यासाठी माणसानं जवायाचं आयकलं, कूलरचा धंदा घालवला, बायको रडवली, ते वाक्य वर्दीतल्या माणसानं सोता म्हणून दाखवलं! अन् सदाशिवरावनं काय केलं? तोंड पुसलं, शिपायासमोर हात जोडले अन् म्हणते, "साहेब, हे दारू नाई येवढं एका कागदावर लिहून देता काय? बायकोले दाखवतो."