मर्यादा वाढणार नाही

अर्जेंटिनातल्या तुकुमानच्या साखर कारखान्यासमोर नील्दा बसच्या रांगेत उभी होती. तिचा नवरा आत उसाच्या चरकावर कामाला होता. तिच्या मागे शिफ्टचे साहेब एव्हारिस्तो आणि इंजिनियर ओफेलियाबाई बोलत होते.

"चरकाची मोटर सारखी बंद पडतेय, बाई."

"पडत नाही, सुरक्षेचा रिले तिला बंद करतो. ती तापतेय."

"मग रिलेवरची विजेची मर्यादा वाढवा ना. हंगाम संपेपर्यंतच."

"नाही वाढवणार. चरकात ऊस कमी टाका."

"मालक ऐकणार नाहीत. पासवर्ड द्या, मी वाढवतो."

"तोही देणार नाही."

"उद्या तुमच्या जागी दुसरा आणतील."

"आणू देत. मागच्या हंगामात वाढवली, तर मोटर पेटली. रामिरो शेजारीच उभा होता. त्याच्या बायकोला सांगायला मी गेले, साहेब. तुम्ही आला नव्हतात."

"अपघात होता तो."

"म्हणूनच यंदा मर्यादा आहे तिथंच राहील."

बस आली. एव्हारिस्तो घाईनं पुढे सरसावले. नील्दानं दाराच्या दांडीवर हात आडवा धरला.

"थांबा साहेब. आधी बाई चढतील."