ज्या तारेत करंट नव्हता

जबाब. दिनांक २९ मे २०२६, शुक्रवार, सकाळी ११ वाजून २० मिनिटे.

नाव: सौ. मीना रामप्रसाद तौर. वय: ४२ वर्षे. शिक्षण: बारावी. धंदा: शेती व घरकाम (जमादारांनी आधी नुसते घरकाम लिहिले होते, शेती मी लिहायला लावली). राहणार: मौजे हिवरदरा, आष्टीजवळ, ता. परतूर, जि. जालना.

मला कुणी बोलावलेले नसताना ठाण्यात आपणहून येऊन सांगते की, माझ्या सासूबाई द्वारकाबाई, वय ६८ वर्षे, या रविवारी दि. २४ रोजी दुपारी घरातल्या कूलरचा शॉक लागून मयत झाल्या. त्याबद्दल माझे पती रामप्रसाद यांनी मंगळवारी या ठाण्यात तक्रार दिली. गावातला वायरमन कल्याण याने आमच्या घराची अर्थिंग केलीच नव्हती आणि त्यामुळे आई गेली, असे त्यात लिहिले आहे. त्यावरून बुधवारी कल्याणला अटक झाली. अर्थिंग त्याने केली होती. तेवढे सांगायला मी आले आहे. घरात सुतक आहे आणि सुतकात सुनेने उंबरा ओलांडायचा नसतो हे मला माहीत आहे. सुतकात तक्रार द्यायला पुरुषांना चालते, असे दिसते.

कल्याण हा आमच्या गल्लीतल्या सगुणाबाईंचा मुलगा. आयटीआय केलेला आहे. दोन वर्षांमागे दिवाळीच्या आधी त्याने आमच्या अंगणात छातीएवढा खड्डा घेतला, त्यात लोखंडी नळी उभी केली आणि भोवती मीठ व कोळसा भरला. मीठ मी आणून दिले. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणत असू. त्या ओट्यावर बसून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "काय रे, लोणचं घालून राह्यला का?" कल्याणने नळीला जाड तार जोडली, ती भिंतीवरून आत नेली आणि दोन्ही टोकांना हिरवी टेप गुंडाळली. जाताना तो मला म्हणाला, "काकू, ही तार दिसायला काईच करत न्हाई. पण कूलरच्या पत्र्यात कधी करंट उतरला तर ही त्याला जमिनीत घेऊन जाती. हिला कुणी हात लावू नका. आन् पाणी भरताना पिन काढूनच भरा." मी बरं म्हणाले. आत्याबाईंनी त्याला चहा दिला.

यंदा धोंड्याचा महिना आला. तो तीन वर्षांनी येतो, त्यामुळे जावयाच्या तयारीला भरपूर सवड मिळते. आम्ही सगळी तयारी दीड महिन्यात उरकली. जावयाच्या पायाला माती लागू नये म्हणून अंगणात फरशी बसवायचे ठरले. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गवंडी आला आणि म्हणाला, ही तार मधे येते, हिचे काय करायचे. माझे पती घरातून टेस्टर घेऊन आले. त्यांनी तारेला टेस्टर लावला. दिवा लागला नाही. वरच्या टोपीवर बोट नीट दाबून पुन्हा लावला, तरी लागला नाही. ते गवंड्याला म्हणाले, "ह्या तारेत करंटच न्हाई. दोन वर्षं झाले, डेड तार संभाळून राह्यलो आपण." आणि त्यांनी पकडीने ती दोन्हीकडून टेपच्या पलीकडे, जोडापाशी तोडली. नळी फरशीखाली गेली. फरशी दिसायला छान आहे. पाय घसरतो, पण दिसायला छान आहे.

त्यानंतर कूलर चावायला लागला. पाणी भरताना पत्र्याला हात लागला की कोपरापर्यंत झिणझिण्या येत. मी पतीला सांगितले. ते म्हणाले, "पत्र्याचा हाये, थोडाबहुत चावणारच." गल्लीत चार घरी विचारले, तर तिघांचा चावत होता. चौथ्याचा बंद होता. आमच्याकडे उन्हाळ्यात न चावणारा कूलर म्हणजे काहीतरी बिघाड आहे असेच धरतात. कल्याणला बोलावू या, असे मी दोनदा म्हणाले. पतीचे म्हणणे पडले की मागच्या वेळी त्याने डेड तार बसवली होती, आता परत कशाला.

उपाय म्हणून पतीने नियम केला की पाणी भरताना पायात चप्पल घालायची. कूलर देव्हाऱ्याला लागून असलेल्या खिडकीत आहे. आत्याबाईंचा नियम असा की देवापुढे चप्पल चालणार नाही. दोन्ही नियम घरातल्या वडीलधाऱ्यांचे, म्हणून दोन्ही पाळणे भाग होते. मग मी माझ्या लग्नातला लाकडी पाट कूलरपुढे टाकला आणि त्यावर अनवाणी उभी राहून पाणी भरू लागले. पाटावरून झिणझिण्या येत नसत. अशा रीतीने देवही राजी आणि वीजही राजी. पिन काढून भरा, हे कल्याणचे सांगणे मात्र मी दीड महिन्यात एकदाही केले नाही. पिन काढली की घरातला वारा थांबतो आणि सगळे एकदम हाक मारतात.

रविवारी साडेदहाला नणंद आकांक्षा आणि जावई राधेश्याम जालन्याहून आले. जावई तिथल्या एमआयडीसीत एका कारखान्यात सेफ्टी सुपरवायझर आहेत. सुरक्षा सप्ताहात त्यांना बक्षीस मिळाले होते, त्याचा फोटो आमच्या बैठकीत आत्याबाईंनी लावून घेतला होता. सव्वा वाजता त्यांना जेवायला बसवले. घरात पाट एकच असल्याने तो कूलरपुढून उचलून जावयाला दिला, भोवती रांगोळी काढली. पाटाच्या मागे भिंतीशी विजेचा बोर्ड होता. त्याला कूलरची पिन आणि जावयाचा मोबाइल लावलेला होता. आत्याबाईंनी त्यांना ओवाळले, तेहतीस अनारशांचे वाण द्यायचे होते, त्यातले चोवीस झाले होते आणि उरलेले मी स्वयंपाकघरात तळत होते.

एक वाजून पंचवीस मिनिटांनी जावई म्हणाले, "गरम वारा मारून राह्यला कूलर." आत्याबाईंनी मला हाक मारली, "मीना, कूलरचं पाणी सरलं गं." मी म्हणाले, "आले आत्याबाई, एवढा घाणा उतरवते." कढईत चार अनारसे होते. अनारसा सोडून उठले की तो हसतो, म्हणजे तेलात फुटून पसरतो. चार अनारसे हसले असते तर हसू द्यायचे होते. ते मी आज सांगते आहे.

आत्याबाईंनी बादली स्वतः उचलली. बोर्ड बंद करायचा तर जावयाला भरल्या ताटावरून उठवावे लागले असते, आणि धोंड्याच्या जावयाला ताटावरून उठवणारी सासू मी अजून पाहिलेली नाही. त्या अनवाणी होत्या. बादलीतले पाणी फरशीवर सांडलेले होते. मला आधी बादली पडल्याचा आवाज आला, मग आकांक्षाचा. मी बाहेर आले तेव्हा आत्याबाईंचा हात पत्र्याला चिकटलेला होता आणि तोंड उघडे होते, पण आवाज येत नव्हता.

जावई उभे राहिले होते. "कुणी हात लावू नका, कुणी हात लावू नका," असे ते सांगत होते. ते बरोबरच सांगत होते, कारखान्यात तसेच शिकवतात. बोर्ड त्यांच्या मागे हातभर अंतरावर होता. पुढचे काय शिकवतात ते त्यांना त्या वेळी आठवले नसावे. ते पाटावरून खाली उतरले नाहीत. त्या खोलीत विजेपासून सुरक्षित असा तो एकच माणूस होता, असे म्हणायला हरकत नाही. मी रांगोळीतून गेले आणि पिन ओढली. माझे पती हात धुवायला मोरीत गेले होते, ते तेव्हा आले. गाडी करून दवाखान्यात नेले. दोन वाजून दहा मिनिटांनी डॉक्टरांनी मयत सांगितले.

दवाखान्याच्या पायरीवर जावयांनी माझ्या पतीला समजावून सांगितले की, "भाऊ, अर्थिंग असती तर आत्याबाई वाचल्या असत्या. तुमच्या वायरमननी केलीच न्हाई ती." ही माहिती बिलकुल खरी आणि उपयोगाची होती. पहिले वाक्य, म्हणजे. ती पाऊण तास उशिरा मिळाली.

सोमवारी आमची चूल बंद होती. सगुणाबाई भाकरी आणि पिठले घेऊन आल्या. आत्याबाईंची आणि त्यांची चाळीस वर्षांची ओळख. त्या माझ्याजवळ बसून रडल्या. पिठले झणझणीत होते, सगळ्यांनी पोटभर खाल्ले, जावयांनी परत मागून घेतले. मंगळवारी माझ्या पतीने त्यांच्या मुलावर तक्रार दिली. सगुणाबाईंची पातेली अजून आमच्याकडे आहे.

मी पतीला म्हणाले की तार तुम्ही तोडली, तसे सांगा. ते म्हणाले, "आईला मी मारलं म्हनू का? मंग तसंच सांग ना जाऊन साऱ्या गावाला." ते रडत होते. त्यांनी आईला मारले असे मी म्हणत नाही आणि या जबाबातही तसे लिहू नये. त्यांना ठाऊक नव्हते. पण ठाऊक नसण्याची शिक्षा कल्याणने का भोगावी, हे मला कळत नाही. काल रात्रीच्या जेवणाला ते म्हणाले, ठाण्यात गेलीस तर तिकडूनच माहेरी जा. माझे माहेर वडीगोद्री आहे. बसची वेळ मी विचारून ठेवली आहे.

पुरावा म्हणून तार सोबत पिशवीत आणली आहे. तोडल्यापासून ती आमच्या अंगणात दोन खांबांना बांधलेली होती आणि तिच्यावर आम्ही कपडे वाळत घालत होतो. काल सकाळी ती सोडायला गेले तेव्हा तिच्यावर आत्याबाईंचे हिरवे लुगडे होते. रविवारी सकाळी त्यांनीच वाळत घातले होते, कुणी काढले नव्हते. त्याची घडी करून मी आत ठेवली. तारेच्या दोन्ही टोकांना कल्याणची हिरवी टेप अजून आहे, ती बघून घ्यावी. नळी फरशीखाली आहे. तुळशीपासून तिसरी फरशी उचलली की मीठ आणि कोळसा दिसेल. फरशी फुटली तरी माझी हरकत नाही.

जमादारांनी हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. बाहेर बाकावर सगुणाबाई बसल्या आहेत, त्यांनाही ऐकू गेला असेल. ऐकल्यावर मी एक दुरुस्ती सांगितली, ती अशी. तार तोडण्याआधी पतीने मला विचारले होते की, "हिचा कुठं उपयोग व्हतो का बघ, न्हाई तर राहू दे भिंतीलाच." मी म्हणाले, "काढाच, कपडे वाळत घालायला मला पाहिजेच हाये." कल्याणने हात लावू नका म्हणून सांगितलेले होते ते मलाच, दुसऱ्या कुणाला नाही. हे मघाशी माझ्याकडून सांगायचे राहिले होते. ते आता लिहिले आहे. आता जबाब बरोबर आहे.

सही: मीना रामप्रसाद तौर